रकान्यात न बसणारे मूल : स्वमग्नतेच्या निदानाचा इतिहास

१/ थ्रेड. आजच्या थ्रेडमध्ये गड नाहीत, लढाया नाहीत, राजघराणीही नाहीत. दोन-अडीच वर्षांचे मूल हाक मारल्यावर वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, तेव्हा त्याला स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम आहे की नाही, हे ठरवायचे कसे? आणि ठरवण्याची ही रीत माणसाने कधी व कोणत्या वाटेने घडवली? हा इतिहास जेमतेम शंभर वर्षांचा आहे. परंतु त्यात छळ आहे, चुका आहेत, आणि हट्टाला पेटलेले आईबापही आहेत.

२/ विषय सुचला तो ग्रंथालयात नव्हे, तर आमच्या गल्लीत. माझे गाव बोरी अरब, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ. शेजारच्या घरातला एक मुलगा तीन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. बाटल्यांची झाकणे एका ओळीत मांडायची, एखादे हलले की आकांत करायचा, आणि तीनचाकी उलटी करून तिचे चाक तासन्‌तास फिरवायचे, हा त्याचा खेळ. घरातले म्हणत, "बोलंन थो, घाई काहाची? त्याचा बापबी उशिराच बोलला होता." वेखंड उगाळून झाले, नवस बोलून झाले.

३/ पाचव्या वर्षी निदान झाले. दिवाळीच्या सुटीत मी गावी गेलो, तेव्हा त्याची आई, म्हणजे आमच्या वहिनी, मला म्हणाल्या, "तुम्ही त इतिहास शिकता ना भाऊ? मंग सांगा, पहिले असे पोरं नोयतेच का?" एम.ए.च्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत मला इतका अवघड प्रश्न आलेला नाही. त्याचे उत्तर शोधता शोधता हा थ्रेड झाला.

४/ सुरुवात जनगणनेपासून करू. १८८१ ते १९३१ या काळातील जनगणनांत शारीरिक व मानसिक वैगुण्यांची नोंद होत असे. रकाने चार : वेडे, जन्मतः मुकेबहिरे, आंधळे आणि कुष्ठरोगी. वऱ्हाडही या मोजणीत होते. आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत 'वणी जिल्हा' म्हणून ओळखला जाई. त्या काळी बोरी अरबात एखादे न बोलणारे, हाकेला न वळणारे मूल असेल, तर मोजणीदाराने ते कुठे लिहिले असेल, याची कल्पना करून पाहा.

५/ वाटा तीनच होत्या. हाकेला वळत नाही म्हणून 'मुकेबहिरे', वागणे विचित्र म्हणून 'वेडे', किंवा घरच्यांनी काही सांगितलेच नाही म्हणून कुठेच नाही. १९४१ पासून तर हे रकानेच गळाले. स्वातंत्र्यानंतर १९८१ साली अपंगत्वाचा प्रश्न परतला, १९९१ मध्ये पुन्हा वगळला गेला, २००१ मध्ये पुन्हा आला. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे आठ प्रकार होते. त्यांतही स्वमग्नतेला वेगळा रकाना नव्हता.

६/ येथे एक पथ्य पाळायला हवे. जुन्या नोंदीतल्या एखाद्या 'वेड्या' किंवा 'मुक्या' व्यक्तीवर आज ऑटिझमची चिठ्ठी चिकटवणे हा इतिहास नव्हे. समाजमाध्यमांवर तो खेळ फार चालतो : अमुक शास्त्रज्ञ स्वमग्न होता, तमुक राजा स्वमग्न होता. निदानासाठी मूल समोर लागते आणि त्याच्या बालपणाची साक्ष देणारे कोणी तरी लागते. कागदावरून एवढेच म्हणता येते की, अशी मुले असावीत. त्यांना वेगळे ओळखणारा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता.

७/ कायद्याची भाषाही तशीच ढोबळ होती. १९१२ च्या इंडियन ल्युनसी अॅक्टमध्ये 'ल्युनॅटिक' या व्याख्येतच 'इडियट' येई. म्हणजे वेड लागलेला प्रौढ आणि जन्मापासून वेगळ्या गतीने वाढणारे मूल एकाच शब्दात कोंबलेले. नागपुरात मनोरुग्णालय १८६४ पासून होते. परंतु अशी आश्रयस्थाने समाजाला ज्याची भीती वाटे त्याला बंद करण्यासाठी होती, एखाद्या लहान मुलाला समजून घेण्यासाठी नव्हे.

८/ पुढे बुद्धी मोजण्याचे युग आले. १९०५ साली फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांची चाचणी तयार झाली. १९३० च्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी व कन्नड मुलांसाठी बेतली. 'बिने-कामत चाचणी' हे नाव आपल्याकडच्या विशेष शाळांत आजही ऐकू येते. काम मोलाचेच होते. मात्र जी चाचणी मुख्यतः प्रश्नोत्तरांवर चालते, तिच्यात न बोलणारे मूल मागेच पडणार. 'मतिमंद' या शब्दाखाली कितीतरी वेगळी मुले झाकली गेली, त्याचे एक कारण हे.

९/ आता शब्दाचा जन्म. 'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९१० च्या सुमारास घडवला. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे 'स्वतः'. पण तो मुलांसाठी नव्हता. स्किझोफ्रेनिया झालेल्या प्रौढांच्या एका लक्षणासाठी होता. आपला 'स्वमग्नता' हा शब्द त्याच मुळावरून आला आणि त्या मुळातला गैरसमजही सोबत घेऊन आला. जणू मूल जाणूनबुजून स्वतःत बुडाले आहे! वस्तुतः ते जगाला पाठ फिरवत नाही. जग त्याच्यापर्यंत निराळ्या रीतीने पोचते.

१०/ १९२५ साली मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी सहा मुलांचे बारकाईने वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्या वर्षी ते जर्मनमध्येही आले. त्यातली कितीतरी लक्षणे आजच्या व्याख्येशी जुळतात. तरी त्यांचे इंग्रजी भाषांतर व्हायला १९९६ उजाडले. संशोधनाच्या इतिहासात आधी कोण पोचले, यापेक्षा कोणत्या भाषेत पोचले, हे अनेकदा अधिक महत्त्वाचे ठरते. मराठीत लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवावे.

११/ १९३८ साली अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लिओ कॅनर यांच्यापुढे मिसिसिपी राज्यातला पाच वर्षांचा डोनाल्ड आला. त्याच्याआधी आले होते वडिलांचे टंकलिखित ३३ पानी पत्र. मुलगा काय खातो, काय गुणगुणतो, कशाने चिडतो, कोणती वस्तू गरगर फिरवतो, हे सारे त्यात होते. या मुलाला आधी एका संस्थेत ठेवले होते; सुमारे वर्षभराने आईवडिलांनी त्याला परत आणले. ऑटिझमच्या निदानाचा पहिला मोठा दस्तऐवज कोणत्याही यंत्रातून बाहेर पडलेला नाही. तो एका बापाने लिहिला आहे.

१२/ १९४३ साली कॅनर यांनी ११ मुलांवरचा लेख प्रसिद्ध केला : ८ मुलगे, ३ मुली. माणसांशी नाते जोडण्यातली अडचण आणि सारे काही जसेच्या तसे राहावे हा हट्ट, ही त्यांनी टिपलेली दोन मुख्य सूत्रे. यांतल्या काही मुलांना आधी मंदबुद्धी ठरवले होते, काहींना बहिरे समजले होते. म्हणजे वऱ्हाडातला मोजणीदार आणि अमेरिकेतला डॉक्टर यांची अडचण एकच होती : मूल समोर आहे, पण रकाना नाही. कॅनर यांनी तो रकाना आखला.

१३/ त्याच सुमारास, १९४४ मध्ये, व्हिएन्नात हान्स आस्पेर्गर यांनी अशाच मुलांविषयी लिहिले. बरीच वर्षे त्यांची प्रतिमा नाझी राजवटीतल्या मुलांच्या रक्षणकर्त्याची होती. २०१८ साली इतिहासकार हेरविग चेक यांनी मूळ कागदपत्रे तपासून दाखवले की, आस्पेर्गर यांनी 'आम श्पीगेलग्रुंड' या संस्थेकडे मुले पाठवली होती. त्या संस्थेत ७८९ मुलांचा बळी गेला. निदान हे केवळ ज्ञान नसते. ते कोणाच्या हाती पडते, यावर ते वाट दाखवणार की वाट बंद करणार, हे ठरते.

१४/ त्या वेळी आपल्याकडे काय चालले होते? मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क १९३६ मध्ये सुरू झाले. तीच आजची 'टिस'. तिने १९३७ मध्ये देशातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र उघडले. १९४४ मध्ये जय वकील यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी मुंबईत शाळा सुरू केली. पुण्यात सिंधुताई जोशी यांची 'कामायनी' १९६४ ची. निदानाचे नाव पोचण्याआधीच शाळा उभ्या राहू लागल्या होत्या, हे महाराष्ट्राचे वैशिष्ट्य.

१५/ अभ्यासकांच्या मते भारतीय वैद्यकीय लिखाणात 'ऑटिझम' ही संज्ञा १९५९ साली प्रथम दिसते. कॅनर यांच्या लेखानंतर सोळा वर्षांनी. परंतु नियतकालिकात शब्द छापला जाणे आणि तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यात तो उच्चारला जाणे, यांत पुढची कितीतरी दशके गेली. कल्पनांचा प्रवासही रेल्वेसारखाच असतो. मूर्तिजापूरपर्यंत मोठी गाडी; पुढे दारव्ह्याकडे यायचे तर शकुंतलेच्या चालीने यावे लागे.

१६/ यानंतर या इतिहासातले सर्वांत दुःखद पर्व येते. १९५० आणि ६० च्या दशकांत पाश्चात्त्य मनोविश्लेषकांनी दोष आईवर टाकला. आई थंड, प्रेम न देणारी, म्हणून मूल स्वतःत गोठले, असा तो सिद्धान्त. कॅनर यांच्या काही विधानांनी त्याला बळ मिळाले आणि ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथाने तो घरोघरी पोचवला. गंमत पाहा : ज्या आईबापांच्या निरीक्षणातून आजार ओळखता आला, त्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले गेले.

१७/ हा आरोप खोडला तोही एका बापाने. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांचा मुलगा स्वमग्न होता. १९६४ च्या ग्रंथात त्यांनी कारण जैविक असल्याची मांडणी केली. १९६९ मध्ये पालकांच्या सभेत कॅनर यांनी पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केले. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या अभ्यासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता. भिन्न जुळ्यांच्या १० जोड्यांत एकाही नाही. आनुवंशिकतेचा वाटा स्पष्ट दिसला.

१८/ १९७९ साली लंडनमध्ये लॉर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांनी कॅम्बरवेल भागातील मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. लॉर्ना विंग स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या. सामाजिक देवघेव, संवाद आणि कल्पनाशक्ती या तीन अंगांतील अडचणी एकत्र आढळतात, पण प्रत्येक मुलात त्यांचे प्रमाण निराळे असते, हे त्यांनी दाखवले. आज आपण ज्याला 'स्पेक्ट्रम' म्हणतो, ती कल्पना येथून रुजली. एका ठरावीक साच्यात न बसणारी मुलेही आता दिसू लागली.

१९/ अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानग्रंथात १९८० साली, तिसऱ्या आवृत्तीत, ऑटिझमला स्किझोफ्रेनियापासून वेगळे स्थान मिळाले. अट होती की लक्षणे ३० महिन्यांच्या आत सुरू झालेली असावीत. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने सारे उपप्रकार एका छत्राखाली आणले आणि दोन निकष ठेवले. एक, सामाजिक संवादातील अडचण. दोन, त्याच त्या कृती, ठाम सवयी किंवा आवाज, प्रकाश, स्पर्श यांविषयीची टोकाची संवेदना. बाटल्यांच्या झाकणांची ती ओळ आठवते ना? ती या दुसऱ्या निकषात बसते.

२०/ मग प्रश्न आला वयाचा. किती लवकर ओळखता येईल? १९९२ साली सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी १८ महिन्यांच्या मुलांसाठी एक छोटी प्रश्नावली वापरून पाहिली. भर अशा गोष्टींवर : मूल आवडलेली वस्तू दुसऱ्याला दाखवण्यासाठी बोट करते का, आपण पाहतो तिकडे पाहते का, आणि रिकाम्या कपातून चहा पिण्यासारखा लटका खेळ खेळते का. जोखमीच्या गटातील ४१ मुलांपैकी जी ४ मुले यांत मागे पडली, त्यांचे निदान ३० महिन्यांपर्यंत पक्के झाले.

२१/ आजची रीत याच बीजातून वाढली आहे. रक्ततपासणी किंवा मेंदूचे छायाचित्र काढून ऑटिझमचे निदान होत नाही. आधी कान तपासतात, कारण ऐकू न येणारे मूलही हाकेला वळत नाही. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट ही २० प्रश्नांची चाळणी आहे. चाळणी म्हणजे निदान नव्हे. पुढे तज्ज्ञ पालकांकडून जन्मापासूनची हकिकत ऐकतात, मुलाशी खेळतात, त्याचे निरीक्षण करतात. अनुभवी तज्ज्ञाला दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस बऱ्याच मुलांत खात्रीने सांगता येते.

२२/ भारतात कायदा मागून आला. १९९१ मध्ये मेरी बरुआ या आईने दिल्लीत 'अॅक्शन फॉर ऑटिझम' उभारले. तरी १९९५ च्या अपंग कायद्यातील सात प्रकारांत ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात त्याचे नाव आले. २००१ मध्ये डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी मुंबईत 'उमीद' हे बालविकास केंद्र सुरू केले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मानले आणि ऑटिझमला त्यांत स्वतंत्र जागा दिली. कॅनर यांच्या लेखानंतर त्र्याहत्तर वर्षांनी आपल्या कायद्यात तो रकाना पूर्णपणे आखला गेला.

२३/ मोजपट्टीही आपली झाली. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने 'इसा' ही भारतीय श्रेणी तयार केली : ६ विभाग, ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. एकूण ७० च्या खाली असेल तर स्वमग्नता नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. प्रमाणपत्रासाठी ही श्रेणी २०१६ मध्ये अधिकृत झाली. मात्र ती तीन वर्षांवरील मुलांसाठी आहे. म्हणून त्याआधीची चाळणी गावपातळीवर होणे अगत्याचे ठरते.

२४/ ती सोय कागदावर आहे, आणि तिचा आरंभ महाराष्ट्रातलाच. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' सुरू झाला. फिरत्या पथकाने अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासावे, ३० विकार पाहावेत, अशी त्याची रचना. त्या यादीत ऑटिझमही आहे. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. म्हणजे आज प्रश्न विचारणारा माणूस अंगणवाडीच्या दारापर्यंत येणे अपेक्षित आहे.

२५/ तरीही उशीर का होतो? टमारा डेली यांनी २००४ मध्ये भारतीय शहरांतल्या ९५ कुटुंबांचा अभ्यास मांडला. अमेरिकेतील पालकांच्या तुलनेत आपल्याकडच्या पालकांच्या लक्षात गोष्ट सहा ते दहा महिने उशिरा येते, असे त्यात दिसले. भाषेच्या दिरंगाईपेक्षा त्यांना मुलाचे माणसांत न मिसळणे अधिक खटकले होते. मला हे ओळखीचे वाटते. उशिरा बोलणे आपण पोटात घालतो, कारण प्रत्येक घरात एखादा काका उशिरा बोललेला असतोच.

२६/ आमच्या गल्लीतल्या मुलाच्या बाबतीत वहिनींना मात्र दीड वर्षातच शंका आली होती. "हा माह्याकडं पाहातच नाई," असे त्या म्हणत. सासरच्यांनी ते हसण्यावारी नेले. एका डॉक्टरांनी पाच वर्षांपर्यंत थांबा असे सांगितले. दुसरीकडे, मोबाइल जास्त दाखवता म्हणून असे झाले, असा ठपका आईवरच आला. १९६७ चा तो जुना आरोप नवा सदरा घालून पुन्हा उभा राहिला, असे मला त्या क्षणी वाटले. साडेतीन वर्षे गेली. लहान मेंदूच्या घडणीतली साडेतीन वर्षे फार असतात.

२७/ म्हणून या इतिहासाचे सार मी असे मांडेन. निदानाचे पाऊल जेव्हा जेव्हा पुढे पडले, तेव्हा कोणीतरी पालकाचे म्हणणे खरे मानून टिपून घेतले होते. डोनाल्डच्या वडिलांचे पत्र, रिमलँड, लॉर्ना विंग, मेरी बरुआ, सगळ्यांची साक्ष एकच. आणि जेव्हा पाऊल मागे पडले, तेव्हा पालकाला गप्प तरी केले होते किंवा दोषी तरी ठरवले होते.

२८/ वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर मी शेवटी असे दिले : "पहिलेही होते वहिनी. त्यांना कोणी ओळखलं नाही, एवढंच." त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हंजे माह्या मनानं काही खोटं सांगतलं नोयतं." तो मुलगा आता वाक्प्रशिक्षणाला जातो. हवे ते चित्रावर बोट ठेवून मागतो. झाकणांची ओळ अजूनही मांडतो. फक्त आता एखादे झाकण तो आपल्या हातात देतो आणि ते ठेवायची जागा दाखवतो.

२९/ हा थ्रेड वाचणाऱ्यांपैकी बरेच जण विशीतले आहात. तुमच्या घरात, वाड्यात, भावकीत दीड-दोन वर्षांची मुले असतील. त्यांच्यापैकी एखादे नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, आलेले शब्द हरवत असेल, आणि त्याची आई काळजीने काही सांगत असेल, तर 'बोलंन थो' म्हणू नका. आधी कान तपासा, मग अंगणवाडीत येणाऱ्या पथकाला किंवा बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तपासणीत काही निघाले नाही, तर बिघडले काहीच नाही.

३०/ जुन्या जनगणनेच्या त्या चार रकान्यांत हरवलेली मुले आता शोधता येणार नाहीत. अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये मात्र आजच्या मुलांची नावे आहेत. थ्रेड उपयोगी वाटला, तर लहान मूल असलेल्या एका तरी घरापर्यंत पोचवा. इति.